अंगावर पडलेला माल

दुकान उघडून बराच वेळ झाला होता, तरी आत माझ्याखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. कपड्यांचं मोठं दुकान, सगळे दिवे लागलेले, कुठल्यातरी गाण्याचा ठेका सुरू. मधल्या टेबलावर स्वेटरचे ढीग होते. तिथे उभी असलेली एक मुलगी सगळ्यात वरचा स्वेटर उचलायची, झटकून उलगडायची, बाह्या मागे दुमडून पुन्हा तशीच घडी घालायची आणि शेजारी ठेवायची. मग पुढचा. कुणीतरी सगळं उचकटून गेलं असणार, असं मला वाटलं. जवळ गेले तर ढीग व्यवस्थित, कडेला कड लागलेले. ज्या घड्या ती मोडत होती त्या तिनेच थोड्या वेळापूर्वी घातल्या होत्या. न राहवून विचारलं, "विस्कटले होते का गं?" तिने मान हलवली. "नाही ताई. सकाळपासून कुणी हातच लावला नाहीये." "मग?" घडी घालता घालताच ती म्हणाली, "कॅमेऱ्यात नुसतं उभं राहिलेलं दिसलं ना, की वरून विचारतात, तिथे इतकी माणसं कशाला लागतात म्हणून. आधीच आठवड्याचे कामाचे तास कमी केलेत." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्याला रस्ता सांगावा इतक्या सहज ती सांगत होती. वर म्हणाली, "घालून बघा ना एखादा. घ्यायलाच पाहिजे असं नाही."

मी घालून पाहिला. छान होता. घेतला नाही. घरात चांगला स्वेटर आहे, आणि अलीकडे आमच्याकडे प्रत्येक खरेदीआधी 'आत्ताच हवंय का' हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर वस्तू दुकानात राहते. यात मला अपराधी वाटण्यासारखं काही नव्हतं आणि आजही वाटत नाही. तरीही त्या मुलीचे हात डोळ्यांसमोरून जाईनात. माझं न घेणं आणि तिचे कमी झालेले तास यांच्यात काहीतरी धागा आहे, हे कळत होतं. तो धागा मला मान्यही करवेना आणि झटकूनही टाकता येईना.

मला स्वेटर नको होता. तिला तास हवे होते.

मंदी म्हटलं की रिकामी दुकानं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ती ओसंडून भरलेली असतात. तेव्हापासून मी नीट बघते आहे. हँगर इतके दाटीने लावलेले की दोन शर्टांच्या मध्ये हात घालायला जोर लागतो. चालायच्या वाटेत जादा टेबलं आलेली, जिन्याखाली खोकी रचलेली, ट्रायल रूमच्या बाजूला न उघडलेल्या पिशव्यांचा डोंगर. हवेत खळ, प्लास्टिक आणि पुठ्ठ्याचा मिसळलेला वास. आणि एवढं असूनही हवं ते मिळत नाही. शर्ट आवडला तर मापाचा नसतो, मापाचा असला तर त्या रंगात नसतो. दुकानदार याला साइझ तुटणं म्हणतात. जे खपतं ते पहिल्या काही आठवड्यांत जातं. उरतात अगदी लहान मापं, अगदी मोठी मापं आणि कुणालाच न आवडलेला तो एक रंग. म्हणून साठा प्रचंड आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत, या दोन्ही गोष्टी एकाच दुकानात एकाच वेळी घडतात. साठ्याचा आकडा ऐकताना हे लक्षात येत नाही. आकड्यात प्रत्येक शर्ट सारखाच असतो.

शिकत असताना काही काळ मी रात्रीच्या स्टॉक-टेकिंगला जायचे. शटर खाली ओढलेलं, अर्धे दिवे बंद, पंख्याचा आवाज, आणि जोडीजोडीने बसलेली आम्ही मुलं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. आधी दुकान, मग गोदाम. गोदामात एक वयस्कर काका होते. ते माल बघून नाही, हात लावून त्याचं वय सांगायचे. घडीच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हा दोन हंगाम झोपलाय." ट्यूबलाइटच्या उजेडात पडून पडून कापडाची बाहेरची कड आतल्या भागापेक्षा फिकट झालेली असायची. घडीच्या रेषेवर धागा कमजोर होतो, पायजम्याचं इलॅस्टिक कधीही न ताणता सैल पडतं. एकदा त्यांनी खोक्यातून नवा कोरा बूट काढून माझ्या हातात दिला. तळवा दाबला तर तो चुरा होऊन सांडला. असे पॉलियुरेथेनचे तळवे हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातात, पायात घातले नाहीत तरी. तोवर मला वाटायचं, वस्तू वापरल्याने झिजते. न वापरलेली वस्तूही झिजते. तिच्या झिजण्याचा कुणाला उपयोग होत नाही, एवढाच फरक.

मोजून झालं की आकडे ऑफिसात जायचे आणि तिथे त्या सगळ्याची मालमत्ता व्हायची. ताळेबंदात न विकलेला माल जमेच्या बाजूलाच बसतो. हिशेबाचा नियम सांगतो की माल खरेदीच्या किमतीला धरा किंवा विकून हाती काय पडेल त्या किमतीला, दोन्हींत जे कमी असेल ते. नियम चांगला आहे. पण विकून हाती काय पडेल हे ठरवायला कुणीतरी मान्य करावं लागतं की हा माल आता त्या भावाला जाणार नाही. आणि हे मान्य करणं माणसाला फार जड जातं. लेबलावरची किंमत उतरवेपर्यंत तोटा कागदावर येत नाही. म्हणून कित्येक दुकानांत माल महिनोन्महिने जुन्या किमतीला लटकलेला असतो. मालकाला तो विकला जाईल अशी आशा नसते, पण तोटा लिहायची तयारीही नसते. तेवढ्यात भाडं जातं, विजेचं बिल जातं, कर्जाचं व्याज जातं. पैसा कपाटात घडी होऊन बसलेला असतो आणि नवा माल घ्यायला हातात काही नसतं. गोदामातले काका या सगळ्याला दोनच शब्द वापरायचे: पैसा झोपला.

इतका माल आणतात तरी कशाला, असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणायचे. पण दुकानात आज दिसणारा कपडा अनेक महिने आधी मागवलेला असतो, म्हणजे तेव्हाच्या मनःस्थितीवर पैज लावून. आणि पैज लावणारा एकटा नसतो. दुकानदाराच्या मागे घाऊक व्यापारी, त्याच्या मागे वितरक, त्याच्या मागे कारखाना, त्याच्या मागे सूत, रंग, बटणं. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माणूस दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास यावर एक खेळ तयार झाला. तो आजही जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत खेळला जातो. चार खेळाडू: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. माल म्हणजे बिअरची खोकी. गिऱ्हाइकाची मागणी दर आठवड्याला ४ खोकी असते, मग एकदाच ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. बस, एवढाच बदल. पण माल पोचायला वेळ लागतो आणि बोलायची मुभा नसते, त्यामुळे घाबरलेला विक्रेता थोडं जास्त मागवतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोचेतो त्या चार खोक्यांच्या वाढीचं वादळ होतं. मग सगळीकडे माल येऊन आदळतो, ऑर्डरी एकदम शून्यावर येतात आणि गोदामं तुंबतात. खेळ संपल्यावर खेळाडूंना विचारतात, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती असं तुम्हाला वाटतं, आलेख काढून दाखवा. जॉन स्टर्मन यांनी हा खेळ वर्षानुवर्षं घेतला आणि अभ्यासला. ते सांगतात की बहुतेक खेळाडू चढउतारांची मोठी लाट काढून दाखवतात. गिऱ्हाईक लहरी आहे, अशी त्यांची खात्री झालेली असते.

त्या आलेखांबद्दल वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. गिऱ्हाइकाने आपली मागणी एकदा बदलली होती. बाकी सगळी लाट मधल्या माणसांच्या भीतीची होती, आणि दोष मात्र गिऱ्हाइकाच्या लहरीवर. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हेच लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं. बाळं काही मंदी बघून लंगोट ओले करत नाहीत. वापर जवळपास सारखा असतो. तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी वरखाली उसळत होत्या. चाबकाच्या मुठीला थोडा हिसका दिला की टोक केवढ्यांदा सळसळतं, तसं हे होतं, म्हणून त्याला बुलव्हिप असं नाव पडलं. मूठ आपल्यासारख्या गिऱ्हाइकांच्या हातात असते. टोकाला कोण असतं, ते पुढे सांगते.

२०२२ साली हे सगळं उघड्यावर घडलं. महासाथीत लोक घरात होते, तेव्हा खुर्च्या, टीव्ही, स्वयंपाकघरातली यंत्रं, घरात घालायचे सैल कपडे यांना तुफान उठाव होता. जहाजं बंदराबाहेर खोळंबली, माल मिळेना, म्हणून मोठ्या दुकानांनी जास्तीचा आणि लवकर मागवला. मग दारं उघडली, लोक प्रवासाला निघाले, महागाईने घरखर्च वाढला, आणि नेमका तेव्हाच सगळा माल येऊन पोचला. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीअखेर अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानांचा साठा आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होता, वॉलमार्टचा ३२ टक्क्यांनी. जूनमध्ये टार्गेटने जाहीर केलं की किमती पाडू, पुढच्या ऑर्डरी रद्द करू. त्याच तिमाहीत त्यांचा नफा सुमारे ९० टक्क्यांनी घसरला. बातम्यांत हे आकडे ठळक होते. मला त्या निवेदनातला मधला शब्द टोचत राहिला: रद्द.

पण आधी आपल्याबद्दल. लोक हात आखडता घेतात तेव्हा त्यांच्या मनात काय चाललेलं असतं? दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे तज्ज्ञ उत्पन्नाचे आकडे मोजत होते, तेव्हा मिशिगन विद्यापीठातल्या जॉर्ज कटोना यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली: तुमचं बरं चाललंय का? पुढचं वर्ष कसं जाईल असं वाटतं? मोठी वस्तू घ्यायला आत्ताचा काळ चांगला आहे का? खर्च करायला ऐपत लागते तशी इच्छाही लागते, आणि ऐपत शाबूत असतानाही इच्छा मावळू शकते, हे त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या भावनेचा जो निर्देशांक आज दर महिन्याला बातम्यांत येतो, तो त्यातूनच आला. मला त्या प्रश्नांमधला साधेपणा फार आवडतो. आमच्या घरात कुणाची नोकरी गेलेली नाही. तरी शेजारच्या एका घरात गेली, ओळखीच्या एकाची बदली झाली, कुणाच्या पगाराची तारीख पुढे सरकली, आणि काही न ठरवता आम्ही सगळे सावध झालो. आधी सोफा पुढे ढकलला. मग फोन. मग कपडे. फ्रिजचं दार नीट लागत नाही, तिथे रबर बदलून घेतलं. गंमत म्हणजे खाण्यापिण्याला आम्ही फारसा हात लावला नाही, आणि हेही नवं नाही. १८५७ मध्येच अर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं होतं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. पोट थांबत नाही, सोफा थांबतो. म्हणूनच मंदीत फर्निचर, गाड्या, कपडे, यंत्रं यांची दुकानं आधी तुंबतात. ज्या वस्तूला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येतं, तिच्यावर पहिला घाव पडतो.

आणि हे पुढे ढकलणं मला मनापासून बरं वाटतं. हे लपवण्यात अर्थ नाही. कपाट उघडलं की त्यात जागा दिसते. जुनी वस्तू दुरुस्त होऊन परत आली की तिच्याशी नवी ओळख झाल्यासारखं वाटतं. सेलच्या पाट्या बघून छातीत जी धडधड व्हायची ती आता होत नाही. एक गरज नसलेली गोष्ट न घेता दुकानाबाहेर पडताना पाय हलके असतात. पण त्याच हलक्या पायांनी त्या घड्या घालणाऱ्या मुलीच्या समोरून जावं लागतं.

जानेवारी १९३१ मध्ये, महामंदी खोल होत असताना, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स ब्रिटनच्या रेडिओवर बोलले. त्यांनी गृहिणींना थेट आवाहन केलं की उद्या सकाळीच बाहेर पडा आणि जिथे तिथे लागलेल्या सेलमध्ये खरेदी करा. तुम्ही पाच शिलिंग वाचवता तेव्हा एका माणसाचं एका दिवसाचं काम घालवता, असा त्यांचा हिशेब होता. मी ते भाषण वाचलं तेव्हा दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखं झालं. त्यांचा तर्क बिनतोड आहे. एका घराने काटकसर केली तर ते घर सावरतं. सगळ्या घरांनी एकाच वेळी केली तर माल पडून राहतो, कामं जातात, उत्पन्न घटतं आणि शेवटी बचतही घटते. १९३६ च्या त्यांच्या ग्रंथात हा विचार पूर्ण मांडलेला आहे. तरी माझं मन त्या न दिसणाऱ्या गृहिणीच्या बाजूला जातं. नवऱ्याचं काम राहील की नाही याची खात्री नाही, हातात थोडे पैसे, आणि रेडिओवरून एक विद्वान सांगतोय की तू ते धरून ठेवलेस म्हणून कुणाची तरी चूल थंड झाली. मंदीचं ओझं जिच्या खांद्यावर आधीच आहे तिच्याच खांद्यावर तिचं कारणही का ठेवायचं? केन्स पुढे सरकारने खर्च करावा यावर भर देत राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. घाबरलेल्या घराला खर्च करायला सांगण्यापेक्षा त्याची भीती कमी करणं, हे ज्यांच्या हातात मोठी तिजोरी आहे त्यांचं काम.

पडून राहिलेल्या मालाचं पुढे काय होतं, याचं मला भेटलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर एका तळघरातलं आहे. बॉस्टनमध्ये एडवर्ड फिलीन यांनी १९०९ मध्ये आपल्या दुकानाच्या तळघरात एक विभाग सुरू केला. प्रत्येक वस्तूवर ती कधी मांडली त्याची तारीख. १२ दिवस विकली गेली नाही तर किंमत २५ टक्क्यांनी खाली, १८ दिवसांनी निम्मी, २४ दिवसांनी पाव, आणि ३० दिवसांनी ती दान. नियम सगळ्यांना माहीत. घासाघीस नाही, फसवी 'मूळ किंमत' नाही, आणि मालकालाही आशेवर माल दाबून ठेवायची सोय नाही. गिऱ्हाईक थांबू शकतं, पण थांबण्याचा धोका त्याचा. तोटा झाला तर तो दुकानाचा, ठरलेल्या तारखेला, सगळ्यांच्या देखत.

आता तसं होत नाही. बर्बरी या महागड्या ब्रिटिश फॅशन ब्रँडने २०१८ मध्ये आपल्या अहवालात सांगितलं की वर्षभरात २ कोटी ८६ लाख पाउंडांचा न विकलेला माल नष्ट केला, नावाची किंमत उतरू नये म्हणून. ओरड झाल्यावर काही आठवड्यांत ती प्रथा त्यांनी थांबवली. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जुन्या कपड्यांबरोबर न विकलेल्या नव्या कपड्यांचेही ढिगारे पडले आहेत, लेबलांसकट. त्या ढिगांचे फोटो मला फार वेळ बघवत नाहीत. गोदामातल्या त्या काकांना हे दाखवलं असतं तर त्यांनी आधी कापडाला हात लावला असता.

पण वाळवंटातला कपडा निदान पूर्ण तरी झालेला असतो. ज्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं तो माल दुकानापर्यंत आलाच नाही. मार्च २०२० मध्ये दुकानं बंद झाली तेव्हा बड्या ब्रँडनी बांगलादेशातल्या कारखान्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने तो आकडा ३ अब्ज डॉलरच्या वर सांगितला. यातल्या बऱ्याच ऑर्डरींचं कापड कापून झालं होतं, काहींचे कपडे शिवून, इस्त्री करून, खोक्यांत भरून बंदरावर जायला तयार होते. हा व्यवहार चालतो कसा, ते बघायला हवं. ब्रँड पैसे देतो माल जहाजावर चढल्यानंतर, कित्येकदा त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर कापड, दोरा, बटणं, मजुरी, सगळं कारखानदार कर्ज काढून उभं करतो. म्हणजे दुकानातल्या मालाची पैज लागते एकाच्या नावाने आणि त्यासाठी पैसे ठेवतो दुसरा. पेन स्टेट विद्यापीठाच्या मार्क अ‍ॅनर यांनी तेव्हा तिथल्या पुरवठादारांना विचारून अहवाल लिहिला. ऑर्डर रद्द करणाऱ्या खरेदीदारांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक जणांनी आधीच आणलेल्या कच्च्या मालाचे पैसे द्यायला नकार दिला होता. कापण्या-शिवण्याचा खर्च द्यायला ९१ टक्क्यांहून अधिक जणांनी. जगभरातून दबाव आल्यावर अनेक ब्रँड पैसे द्यायला तयार झाले, काही झाले नाहीत. चाबकाचं टोक हे असं असतं. तिथे यंत्रावर बसलेली बाई असते, अर्धी बाही शिवून झालेली, आणि तिला कुणीतरी येऊन सांगतं की उद्यापासून येऊ नका.

म्हणून 'कंपनीने साठा कमी करण्यात यश मिळवलं' अशी बातमी आली की मी तिथेच थांबते. साठा कमी होण्याचे रस्ते अनेक आहेत. माल विकला गेला असेल. जाळला असेल. दुसऱ्या देशात ढकलला असेल. किंवा ऑर्डर रद्द झाली असेल, म्हणजे तोच माल दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडला असेल आणि या कंपनीच्या ताळेबंदातून तेवढा नाहीसा झाला असेल. पहिल्या रस्त्याला यश म्हणता येईल.

यात काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये मोठ्या साखळी दुकानांतल्या कामगारांसाठी नियम केले: कामाचं वेळापत्रक दोन आठवडे आधी द्या, आयत्या वेळी बदललंत तर भरपाई द्या, नवी माणसं घेण्याआधी असलेल्या अर्धवेळ माणसांना जादा तास देऊन बघा. त्या घड्या घालणाऱ्या मुलीला कॅमेऱ्यासमोर काम उकरून काढायची पाळी येऊ नये, यासाठी याहून मोठी क्रांती लागत नाही. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून न विकलेला माल नष्ट करण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमांत कपडे आणि पादत्राणांसाठी तीच बंदी घातली आणि मोठ्या कंपन्यांना ती लागू होण्यासाठी १९ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. मध्यम कंपन्यांना २०३० पर्यंत मुदत आहे. मला या कायद्यांचं मनापासून अप्रूप आहे. जाळायचा मार्ग बंद झाला की कमी मागवायचा विचार ऑर्डर देतानाच करावा लागेल.

पण या बंदीचा हात पोचतो तो तयार होऊन युरोपच्या बाजारात आलेल्या मालापर्यंत. अर्ध्यावर रद्द झालेली बाही तिच्या कक्षेत येत नाही. उलट जाळता येणार नसेल तर वेळेवर रद्द करण्याचा मोह वाढेल, अशी मला भीती वाटते. तिथे करारातच लिहायला हवं: ऑर्डर देताना कापडाचे पैसे आगाऊ, आणि कापड कापायला घेतल्यानंतर ऑर्डर मागे घेतली तर शिवणाऱ्यांची पूर्ण मजुरी. दुकानात कुणी येवो, न येवो.